तांदूळ वाढले

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. या ग्रुपवर मी आहे ती मुख्यतः तुमचे अनुभव वाचून "गॅस लीक असेल", "झोप पुरी झाली नसेल" अशा कमेंट टाकायला, हे जुन्या मेंबर्सना ठाऊक आहे. दोघातिघांनी मला ब्लॉकही केलंय. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी काही विचित्र घडलं म्हणालं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं — पुन्हा करून दाखव. रविवारी इथल्या मराठी शाळेत शिकवते, तिथेही मुलांच्या चुका काढणं हेच काम. तेव्हा आज मी स्वतः लिहायला बसलेय म्हटल्यावर काहीजण हसतील. हसा बापडे.

आम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला राहतो. मी, नवरा विनय, आमची रिया — जन्म इथलाच, आता हायस्कूलला आहे — आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. सासरे, म्हणजे अण्णा, फार वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून इकडे आले आणि आई त्यांच्यामागून एकट्या आल्या. त्या प्रवासात झुरिकला विमान बदलायचं होतं. इंग्रजी येत नाही, हातात पासपोर्ट घट्ट धरलेला, अशा त्या विमानतळाच्या काचेपाशी बसून लांबचे बर्फाचे डोंगर बघत राहिल्या. पुढे अण्णा कायम म्हणायचे, "रिटायर झालो की तुला काचेच्या पलीकडे नेतो." रिटायर झाले, मग गुडघे झाले, मग बायपास झाली... आणि मग अण्णाच गेले.

त्यानंतर आईंनी जेवणच टाकलं. म्हणजे पानावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि उठायच्या. हृदयाची एक झडप आधीच कामातून गेलेली, ऑपरेशनला त्यांनी साफ नाही म्हटलेलं. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, कुठे न्यायचं असेल तर आत्ताच न्या, पुढच्या वर्षावर टाकू नका. दिवाळीचं काही सांगता येत नाही, असंच त्यांना म्हणायचं होतं. विनयने त्याच दिवशी झुरिकची तिकिटं काढली. आणि पुढच्याच आठवड्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं कंपनीने.

तिकिटं परत होणारी नव्हती. आई म्हणाल्या, कॅन्सल करा, मी पाहिलंय ते काचेतून. विनय म्हणाला, "आई, तिथे मेतकूट-भात खाऊ, पायी फिरू, पण जायचं."

झुरिक म्हणजे काय शहर आहे हे गेलेल्यांना माहीत आहे. तिथे भूक लागणंसुद्धा परवडत नाही. म्हणून आम्ही एक छोटा राइस कुकर, मेतकूट, लोणचं, तूप असा सगळा संसार बॅगेत भरला. तांदूळ मात्र आईंनी स्वतः आणले, आणि ते पाहून मी जरा थबकले. अण्णांना आंबेमोहोर लागायचा. जायच्या आधी त्यांनी आपल्या हाताने दुकानातून आणलेली जी शेवटची गोणी होती, तिच्या तळाशी उरलेले तांदूळ आईंनी जपून ठेवले होते. रोज मूठभर काढून नैवेद्याला शिजवायच्या. तेच सगळे त्यांनी झिपलॉकच्या एका पिशवीत भरले.

"आई, हे कशाला? तिकडे दुकानात मिळतील तांदूळ."

"हेच न्यायचे. त्यांनी न्यायचं कबूल केलं होतं ना, मग त्यांचेच तांदूळ." आणि झिप ओढताना अगदी सहज म्हणाल्या, "हे वाढले की माझंही आवरलं."

ज्यांच्या घरी ही पद्धत नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या बायका घरातला जिन्नस "संपला" म्हणत नाहीत, "वाढला" म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तसे तांदूळ संपत नाहीत, वाढतात. आईंच्या वाक्याचा अर्थ मला लख्ख कळला: हे संपले की मीही संपले. रिया तेव्हा शाळेत होती. तिने हे ऐकलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

झुरिकला आम्ही एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. एक शेगडी, एक भांडं, कपाटं दोन. पोचल्या पोचल्या मी कुकर लावला आणि फट्कन आवाज होऊन त्यातून धूर आला. अमेरिकेचा कुकर तिकडच्या दुप्पट व्होल्टेजला लावला होता. विनय इंजिनियर, मी टेस्टर, आणि ही अवस्था. विनय मला आणि मी विनयला बोलत होतो, तेवढ्यात रिया म्हणाली, "चिल, गाईज. मी करते भांड्यात." त्या दिवसापासून भात तिच्याकडे गेला.

आई सोफ्यावरून म्हणाल्या, "रिया, तांदूळ वाढले की सांग हं मला."

"ओके, आजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. ट्रामने जायचे पैसे वाचवायला चालत, आईंना दर बाकावर बसवत. तिथे चौकाचौकात कारंजी असतात, पिण्याच्या पाण्याची. आमच्या बाटल्या त्यावर भरायच्या. तळ्याच्या पायऱ्यांवर आईंनी चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. समोर, धुक्यामागे, तेच डोंगर. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडून दिलं. मग म्हणाल्या, "आले बाई एकदाची." विनय तोंड फिरवून उभा राहिला. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

संध्याकाळी जेवणाआधी आईंनी विचारलं, "रिया, तांदूळ वाढले का गं?"

रियाने कपाट उघडून पाहिलं. "हो आजी, थोडी वाढली."

"वाढली नाही, वाढले," मी सवयीने म्हणाले, आणि मगच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्यात? इतके दिवस पुरवायचे तांदूळ दुसऱ्याच दिवशी? मी आईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. विनय जाकीट चढवून खालच्या दुकानात निघालासुद्धा. मी उठून कपाट उघडलं.

पिशवी भरलेली होती. हर्नडनला होती तशी नव्हे, तिच्याहून जास्त. झिप ताणली गेली होती.

"रिया," मी म्हटलं, "वाढले म्हणजे काय, सांग बरं."

"लाइक, देअर इज मोअर दॅन यस्टर्डे," ती म्हणाली. "मला वाटलं आजी टाकते त्यात. नाही?"

मी तिला शब्द समजावून सांगायला तोंड उघडलं. शिक्षिकाच मी. पण सोफ्यावरून आईंचा आवाज आला, "राहू दे गं. तिला कळलंय तेच बरोबर आहे."

त्या दिवशी आईंनी भात मागून घेतला. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी भरले. मीही तेच म्हटलं. विनय खाली निघाला होता, म्हणजे आधीही आणले असतील. त्याला विचारलं तर तो उखडला. "यार, मी लपून तांदूळ कशाला आणीन? कॉफी प्यायला मागेपुढे बघतोय मी इथे." नोकरी गेल्यापासून तो तसाही दुखऱ्या जागेवर बोट ठेवल्यासारखा वागत होता, मी विषय सोडला. पण शांत बसवेना. खालच्या दुकानात जाऊन पाहिलं, तिथला तांदूळ लांब दाण्याचा, बिनवासाचा. पिशवीतला आखूड, आंबेमोहोराचा, वास घेताच अण्णांची आठवण यावी असा. आईंची पर्ससुद्धा मी त्या अंघोळीला गेल्यावर उघडली. गोळ्या, शाल, अण्णांचा फोटो. तांदळाचा दाणा नाही.

मग जे मला येतं ते मी केलं. सकाळी निघताना मार्करने पिशवीवर तांदळाच्या उंचीला रेघ मारली. दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. चौघंही दिवसभर एकत्र होतो. आई जुन्या गल्ल्यांमधून काठी टेकत मजेत फिरत होत्या, चर्चच्या रंगीत काचा बघत होत्या, आणि मी? मला त्यातलं काही दिसलंच नाही. माझं सगळं लक्ष त्या कपाटात. इतक्या महाग शहरात येऊन मी दिवसभर आमच्याच तांदळाचा विचार केला. विनय म्हणाला, "तुझा चेहरा असा काय, पैसे हरवल्यासारखा?" मी म्हटलं, पाय दुखतायत.

परत आल्यावर मी आधी कपाटाशी गेले. रेघ तांदळाच्या खाली होती.

पुन्हा करून दाखव, म्हणते ना मी? पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्याही. रोज आम्ही चौघं त्यातून जेवत होतो आणि रोज संध्याकाळी आई सोफ्यावरून विचारायच्या, "वाढले का गं?" आणि रिया कपाटात डोकावून, आता अगदी शुद्ध मराठीत, "हो आजी, थोडे वाढले." आई मान डोलवायच्या आणि पानावर बसायच्या. एकदा मला वाटलं त्या हसल्या. तुम्हाला भीती वाटली का, असं कुणी विचारेल. वाटली. पण भुताखेतांची नाही. एखाद्या दिवशी रिया "नाही" म्हणेल, याची.

निघायच्या दिवशी मी पिशवी तिथेच ठेवणार होते. आईंनी ती स्वतःच्या हातबॅगेत घातली. इकडे उतरल्यावर एअरपोर्टला आम्ही खाण्याचं सामान डिक्लेअर केलं. ऑफिसरने पिशवी हातात घेतली, आईंकडे पाहिलं, आणि परत दिली. आंबेमोहोराचा वास त्या काउंटरभर पसरला होता.

ही गेल्या सप्टेंबरची गोष्ट. दिवाळी झाली. आईंनी स्वतः चकल्या पाडल्या, मोडक्या का होईना. संक्रांत झाली, पाडवा झाला. विनयला नोकरी लागली. परवा डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, झडप तशीच आहे, काही बरी झालेली नाही, पण... आणि खांदे उडवले. त्या माणसाला माझी दया आली. त्याच्याजवळही पुन्हा करून दाखव म्हणायला काही नव्हतं.

पिशवी आमच्या पँट्रीत आहे. घरी आल्यापासून मी तिच्यावर एकदाही रेघ मारलेली नाही. पिशवी काढायची झाली तर रियाला सांगते. मी पँट्रीत गेले तर दुसरीकडे बघून मीठ-साखर घेते. टेस्टरने असं वागू नये, पण वागते. रात्री पाण्याला उठले तरी तिकडे पाय वळत नाहीत. मला खरंच जाणून घ्यायचं नाही की त्यात काय आहे आणि किती आहे.

मराठी शाळेत आमच्या पुस्तकात एक धडा आहे, बोलताना टाळायचे शब्द आणि त्याऐवजी काय म्हणायचं असा. दिवा विझवू नये, मोठा करावा; जातो म्हणू नये, येतो म्हणावं. रियाच्या वर्गाला तो धडा मी गाळला. मुख्याध्यापिकेने विचारलं तर म्हटलं, वेळ पुरला नाही.

गेल्या आठवड्यात विनयच्या ओळखीच्या एक काकू जेवायला आल्या, मूळच्या नागपूरच्या, स्वभावाने मोकळ्या. आईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, रियाने पँट्रीतून नेहमीप्रमाणे उत्तर दिलं, आणि काकू खदखदून हसल्या. "अगं बाळा, वाढले म्हणजे काय माहीत आहे का तुला? वाढले म्हणजे—"

"काकू," मी इतक्या मोठ्याने म्हटलं की विनयच्या हातातला डाव पातेल्यात पडला, "भात घ्या."

त्या बघतच राहिल्या. चमत्कारिक बाई आहे, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे. रियाचं सगळं मराठी मी सुधारते — लिंग, वचन, ऱ्हस्व, दीर्घ, सगळं. हा एक शब्द तिला चुकीचाच येतो, आणि येऊ दे.

तुमच्याकडे याचं काही स्पष्टीकरण असेल, याची मला खात्री आहे. मी तुमच्या जागी असते तर आत्तापर्यंत तीन दिले असते. पण यावेळी कमेंट टाकू नका, आणि कधी आमच्याकडे जेवायला आलात तर एवढंच करा, संध्याकाळी सोफ्यावरून "वाढले का गं?" असं ऐकू आलं की गप्प बसा. रिया आतून काय म्हणते ते आम्ही सगळेच कान देऊन ऐकत असतो.