वाटीतून गेलेलं मलम

मारुंजीत मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीण काकू. त्या खालून हाक मारतात आणि वाटीतून काही ना काही देतात. वाटी रिकामी परत करायची नाही, हे आईने मला पक्कं शिकवलंय. पण मला स्वयंपाकाचा कंटाळा, त्यामुळे दर वेळी पंचाईत.

गेल्या वर्षी काकूंच्या कमरेवर, नेसूच्या गाठीपाशी, गोल लाल चट्टा उठला. खाजवून त्या हैराण झाल्या होत्या. मी हिंजवडीतल्या एका प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढवते, म्हणजे काकूंच्या लेखी निम्मी डॉक्टरच. तो समज मी कधी खोडला नाही, आवडायचा मला. त्या दिवशी घेवड्याची उसळ आली होती. धुतलेल्या वाटीत मी माझं मलम ठेवलं. हातमोज्यांमुळे हातांना पुरळ आलं तेव्हा डॉक्टरांनी मला दिलेलं, स्टिरॉइडचं.

चार दिवसांत चट्टा फिका पडला. "लई गुनाचं हाय गं," काकू म्हणाल्या. मीही शहाण्यासारखी मान डोलावली.

पण महिन्याभरात तोच चट्टा पाठीपर्यंत पसरला. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. नायटा होता, म्हणजे बुरशीच. बुरशी शिरली की कातडीच्या पेशी स्वतःच रसायनं सोडून शरीरातल्या रक्षक पेशींना हाका मारतात. लाली, सूज ही त्या धावपळीची खूण. ती रसायनं मोजणं हेच तर माझं काम! माझ्या हातांवर कातडीचा उगाच आरडाओरडा चालला होता, तो मलमाने शांत झाला. काकूंची कातडी मात्र खरंच मदत मागत होती. तिचं तोंड मी दाबलं आणि बुरशीला रान मोकळं मिळालं.

दवाखान्याबाहेर मी म्हटलं, "काकू, चूक माझी."

"तुला ठाव नव्हतं व्हय?"

"ठाऊक होतं. विचारच केला नाही."

औषध बरेच आठवडे चाललं. वाटी यायची थांबली. जिन्यात भेटल्या तरी न बघता पुढे जायच्या. मला त्यांच्या उसळीपेक्षा त्यांच्या हाकेचीच आठवण जास्त यायची.

मग एका रविवारी त्या स्वतः वर आल्या. वाटीत तिळाची चटणी. पाठ साफ झाली म्हणाल्या. वाटी घेताना मला रडूच फुटलं.

दोन पायऱ्या उतरून काकू वळल्या.

"आन् ह्या टायमाला वाटी रिकामीच धाड."