निळ्या दाराचा परिच्छेद

निघताना आईने माझ्या पुस्तकांच्या पेटीत सुक्या बोंबलांची पिशवी कोंबली. अब्बा अंगणात उभे राहून तिसऱ्यांदा पासपोर्ट पाहत होते. "शारजात कुणी विचारलं काय शिकतेस, तर इतिहास म्हण," ते म्हणाले. "धर्म म्हणू नकोस. सरकार तर मुळीच म्हणू नकोस."

"मग पोरीने अभ्यास कशाचा करायचा, नारळाचा?" आई खेकसली. रत्नागिरी मागे पडली, तेव्हा मी हसतही होते आणि रडतही.

माझा विषय आफ्रिकेतील धर्म आणि निधर्मी शासन. केनियाची घटना राज्याला धर्म देत नाही. तरीही तिथल्या किनाऱ्यावर मुस्लिम कुटुंबांतले घटस्फोटाचे तंटे शासनाच्याच काझी न्यायालयात चालतात. तिथे जाणारी स्त्री स्वतःच्या इच्छेने जाते की घरच्यांच्या, हा माझा प्रश्न.

उत्तर शारजातल्या रोल्ला वस्तीत भेटले. आमच्या इमारतीखालच्या पार्लरमध्ये काम करणारी मुनीरा (हे तिचे खरे नाव नव्हे) त्याच किनाऱ्याची. मुलीच्या ताब्यासाठी तिला साध्या न्यायालयात जायचे होते. पण तिच्या काकांनी हाताला धरून काझीकडे नेले. निकाल विरुद्ध गेला; मुलगी आता तिकडे, मुनीराच्या सासूपाशी. दर शुक्रवारी दहा मिनिटे फोन, तोही सासूच्याच मर्जीवर.

मी कवितेवर वाढलेली. तिचे बोलणे उतरवताना मला आवरले नाही. निळे दार, अंगणात वाळणाऱ्या लवंगांचा उष्ण वास, डावा पाय ओढत येणारे काका. (इथे हे सारे बदलून लिहिले आहे.) मार्गदर्शक बाईंनी कळवले, या परिच्छेदातच प्रकरणाचा प्राण आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रकरण विद्यापीठाच्या संकेतस्थळासाठी पाठवायचे होते. मी तो परिच्छेद मुनीराला, ती पार्लरमध्ये शिकली होती त्या हिंदीत, वाचून दाखवला. अभिमानाने, हे कबूल करते.

भुवया कोरायचा दोरा गुंडाळणारा तिचा हात थांबला.

"मॅडम, नाम चेंज किया. घर तो वही है."

"वहाँ कौन पढ़ेगा, मुनीरा?"

"मेरा देवर. कॉलेज में है, सब पढ़ता है." मग अगदी हळू, "फिर फोन खलास."

आमच्या कोकणातही दाराच्या रंगावरून माणूस सापडतो, हे मला जन्मापासून ठाऊक. पण इथे शेजारी एकमेकांना फ्लॅटच्या नंबराने ओळखतात, लिफ्टमध्ये नजर खाली ठेवतात; या काचेच्या शहरात मी ते विसरले होते.

सकाळी परिच्छेद काढून टाकला. उरले एकच वाक्य: किनाऱ्यावरील एका स्त्रीला निवड करू दिली गेली नाही. बाईंचे उत्तर आले, प्रकरण कोरडे झाले. खरेच झाले.

तरी धास्ती गेली नाही. जुना मसुदा बाईंनी आणखी कुणाला दाखवला असेल तर? शुक्रवारी पार्लरमध्ये जाऊन बसले. फोनची वेळ उलटली. पाच मिनिटे, पंधरा. मुनीरा तोच आरसा पुन्हा पुन्हा पुसत होती, आणि त्यात मी दिसत असूनही माझ्याकडे पाहत नव्हती.

मग फोन वाजला. लहान मुलीचा तक्रारीचा सूर, भरभर स्वाहिली. मुनीरा पाठमोरी झाली, भिंतीला कपाळ टेकून ऐकत राहिली.

रत्नागिरीत मागे राहिलेले आणि इथे शारजात सोबत आलेले तुम्ही सगळे मला विचारता, आता घर कुठले. जिथली माणसे आपल्याला नावाशिवायही ओळखतात, ते घर. तिथून दूर निघून आलेली बाईसुद्धा त्याच माणसांच्या फोनची वाट पाहते.