पोफळीच्या शेंड्यावर

२ डिसेंबर. सकाळी वाडीत धुकं, मग कोवळं ऊन. वारा समुद्राकडून, अगदी हलका.

आमच्या वाडीत किस्से गळलेल्या सुपारीसारखे साचतात. संध्याकाळी सगळे वेचावेत, तर सकाळी झाडाखाली पुन्हा सडा! श्रीवर्धनची ही सुपारीच्या पोफळींची वाडी माझी आणि चुलत्यांची, दामूकाकांची. सत्तरी ओलांडलेले काका, त्यांची सून स्मिता आणि पनवेलला नोकरी करणारा मुलगा नितीन. आज लिहितोय ते किस्से या तिघांचेच.

*

नितीनने विहिरीची मोटार मोबाइलला जोडली. आता तो पनवेलच्या ऑफिसात बसून वाडी शिंपतो. पण पाटाचं तोंड कुठे वळवलंय, हे मोबाइलला कसं दिसणार?

एकदा दुपारी त्याचा फोन आला. "बाबा, पाणी सोडलंय हां!"

झोपाळ्यावर डोळे मिटून पडलेले काका म्हणाले, "कळलं रे. झोपाळ्याखाली आलंय!"

*

सुपारी अंगणात वाळत पडली, की काका पूर्वी नुसतं वर बघून पावसाचं सांगत. आता त्यांनाच फोनची चटक लागली आहे.

"अगो स्मिता, तुझं आभाळ बघ जरा. काय म्हणतं?"

"डोक्यावर एक आहे ना बाबा, ते आधी बघा की!"

*

उमेदीत काका एका पोफळीवर चढले, की खाली यायचेच नाहीत. घड काढायचा, शेंडा झुलवायचा, शेजारची पोफळ कवेत घ्यायची आणि तिकडे सरकायचं. असं करत वरच्यावर समुद्राकडच्या टोकाला जायचे. खालून माणूस दिसायचा नाही. झावळ्या एकामागून एक हलायच्या, जणू झाडंच काहीतरी पुढे पोचवतायत.

दोन वर्षांपूर्वी काका घसरले. चढताना पायात घालायचा त्यांचा दोर स्मिताने काढून घेतला आणि त्याचं वेटोळं करून मोबाइल टेकवायला ठेवलं. व्हिडिओ कॉलवर नितीन फार शिकवायला लागला, की काका दरडावतात, "जपून बोल! तुझ्या फोनखाली माझे पाय आहेत!"

पण एकदा मला हळूच म्हणाले, "वरून समुद्र वेगळाच दिसतो रे. परत एकदा बघायला मिळेल का?"

*

काल नितीन चढायचं यंत्र घेऊन आला. बसायला बैठक, कमरेला पट्टा. पायाने दाबलं, की ते खोडाला धरून वर सरकतं. ज्याला झाडावर चढता येत नाही, त्यालाही चढवतं म्हणे.

काका यंत्राभोवती दोनदा फिरले. मग स्मिताकडे बघत राहिले.

तिने पट्टा दोनदा ओढून पाहिला. शेवटी म्हणाली, "एकच झाड. पट्टा सोडायचा नाही. समुद्र बघायचा आणि खाली यायचं."

"बरं गो!"

आज सकाळी काका बैठकीवर बसले. कुरकुर करत यंत्र धुक्यात चढलं. आधी त्यांची पावलं दिसेनाशी झाली, मग आवाजही थांबला. आम्ही तिघं माना वर करून उभे. वारा पानांतून फिरत होता. दूर समुद्राची गाज.

"दिसला का हो समुद्र?" नितीन ओरडला.

एक घड धप्पकन खाली पडला. मग विरत चाललेल्या धुक्यात पोफळीचा शेंडा हलला. एकदा. पुन्हा एकदा, जास्त.

"बाबा, पट्टा!" स्मिता किंचाळली.

शेजारच्या पोफळीच्या झावळ्या हलल्या. मग तिच्या पलीकडच्या. स्मिता पदर खोचून खालून धावत सुटली, मान वरच. आम्ही तिच्या मागे.

"आहे रे!" वरून, पार पुढच्या कुठल्या तरी झाडातून आवाज आला. "होता तिथेच आहे!"

काका समुद्राकडच्या शेवटच्या पोफळीवरून घसरत उतरले. डावा गुडघा सोलला, बाकी काही नाही. यंत्र पहिल्या पोफळीच्या शेंड्याला आहे.