कॉटनवुड खिंडीची खोटी चिठ्ठी

माझा थोरला भाऊ वर्ल. अमेरिकेतल्या यूटाच्या या लाल खडकांच्या मुलखात मडकी उकरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज तो एक्याऐंशी वर्षांचा आहे. त्याच्याबद्दल सांगायचं तर मला माझंही सांगावं लागेल, कारण पाप दोघांचं आहे.

उकरणं म्हणजे आमच्यात चोरी नव्हतीच मुळी. आमचे आजोबा घोडागाड्या दोरांनी कड्याखाली उतरवून इथं आले, तेव्हा इथलं सगळं आपलंच, असं आम्ही धरूनच चाललो होतो. शनिवारी अख्खं गाव फावडी घेऊन खिंडींत शिरायचं. बायका निखाऱ्यांवर लोखंडी हंड्यात बटाटे लावायच्या, पुरुष कपारींतली जुन्या लोकांची घरं आणि थडगी उकरायचे; मेलेल्यांच्या उशाशी मडकी पुरलेली असायची. 'जुने लोक' म्हणायचो; इथल्या होपी आदिवासींचे पूर्वज म्हणायला जीभ वळत नव्हती. नियम एकच: चांगली जागा सापडली की कुणाला सांगायची नाही. शेजाऱ्याला तर नाहीच नाही. म्हणून वर्ल प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर मुद्दाम भलत्याच खिंडीचं नाव घालायचा. अक्षर माझं चांगलं. तो सांगायचा, मी लिहायचे. खुदूखुदू हसत लिहायचे मेली!

आणि हेच आम्ही चर्चमध्ये बसून आपल्या सात पिढ्यांचे जन्म-मृत्यू तारीख-वारासकट नोंदवत होतो. पणजीची कबर चुकीच्या गावात लिहिली असती, तर आईनं माझ्या कानाखाली काढली असती.

म्हातारपणी वर्लनं सगळं गावच्या संग्रहालयाला दिलं. दालनाला त्याचं नाव लागलं. शाळेची मुलं यायची आणि हा काठी टेकत ऐटीत माहिती द्यायचा. मग एका ऑक्टोबरात लेलँड आला. होपी, साठीचा, शांत माणूस. नव्या कायद्यानं आता माणसांचे अवशेष त्यांच्या वंशजांना परत द्यायचे होते. आम्ही उकरलेलं, टर्कीच्या पिसांच्या गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवलेलं एक तान्हं मूल तो न्यायला आला होता. चिठ्ठीवर माझं वळणदार अक्षर: 'कॉटनवुड खिंड, १९५३'.

"बरं झालं, तुम्ही लिहून ठेवलंत," लेलँड म्हणाला. "बहुतेक ठिकाणी जागाच माहीत नसते. याला तिथंच नेऊन ठेवू."

मी वर्लकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. मीही गप्प राहिले. देवा, ती पाच मिनिटं! दालन, नाव, मान, सगळं त्या चिठ्ठ्यांवर उभं होतं. एक खोटी म्हटली की सगळ्याच खोट्या. लेलँड खोका उचलून दारापर्यंत गेला, तेव्हा कुठं वर्लच्या तोंडून निघालं, "थांबा. ते कॉटनवुडचं नाहीये."

"मग कुठलं?"

"आठवत नाही. त्या उन्हाळ्यात सात-आठ जागा उकरल्या होत्या." मग पुटपुटला, "शेजारी एक बाई होती. तिच्यापाशी मडकं नव्हतं, म्हणून तिला परत झाकून टाकली."

लेलँडनं खोका टेबलावर ठेवला. "म्हणजे आई अजून तिथंच आहे," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गावात बोभाटा झाला. दालनावरची पाटी उतरली. वर्लचा जुना जोडीदार डेल्मर माझ्या अंगणात येऊन तणतणला, "चळलाय तुझा भाऊ! आमच्याही चिठ्ठ्या खोट्याच आहेत, मग काय गावजेवण घालून सांगू?" मी त्याला हाकलून दिलं. पण पूर्वी मीही असंच म्हणाले असते.

दोन वर्षं वर्ल, लेलँड आणि मी ती जागा शोधत फिरलो. गाडी मी चालवायचे, वर्ल गुडघे धरत चढायचा. "अरे, पडशील कुठंतरी, मग तुलाही इथंच पुरावं लागेल!" मी खेकसायचे. "बरंच होईल," तो म्हणायचा.

शेवटी दोन कपारी उरल्या. एकाच खिंडीत, समोरासमोर. दोन्हींच्या छताला काजळी, दोन्हींत वर्लच्याच फावड्याचे जुने खड्डे.

"हातभर उकरलं की कळेल," वर्ल म्हणाला.

"नाही," लेलँड म्हणाला. "तिला आता कुणी उकरायचं नाही."

"मग कळणार कसं?"

"नाही कळणार. तुम्ही सांगा कुठली."

शंका आली की उकरून बघायचं, एवढंच जन्मभर केलेला माझा भाऊ तिथं वाळूत बसून हमसाहमशी रडला. मीही रडले. मग त्यानं पूर्वेकडच्या कपारीकडे बोट दाखवलं. तीच का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

परवानग्या मिळेपर्यंत वसंत उजाडला. लेलँडची माणसं खोका वर नेणार होती; आम्ही खालीच थांबायचं, असं ठरलं होतं. वर्लनं विचारलं, "दोन शब्द बोलू का त्याच्याशी?" लेलँडनं खोका त्याच्यापुढं धरला.

वर्ल वाकला. "बाळा, तुझी आई इथंच असेल," तो म्हणाला. "नसली, तर समोरच्या कपारीत आहे. मी तुला तिच्याजवळून उचललं, आणि कुठून ते विसरलो."