सफेद्याचा वास

आमच्या पिपरीतला नळवाला बोलायचा कमी, गुणगुणायचाच जास्त. जोड आवळून झाला की त्याला गाल लावून गळती ओळखायचा. लेकीला कावीळ होऊन गेली, तेव्हा सिंकखाली पाण्याचा फिल्टर बसवायला मी त्यालाच बोलावलं. पाइपच्या आट्यांवर त्यानं ताग गुंडाळला, वरून गळती बंद करायचा पांढरा रंग, सफेदा, फासला. पहिल्याच ग्लासाला रंगाचा वास आला.

"पोरीला प्यायचंय हो हे," मी घाबरून म्हटलं.

त्यानं ग्लास घेतला आणि गटागटा स्वतःच संपवला. "उद्या मी दिसलो त पोरीले पाजजा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फाटकाशी. दुपार कलली तरी त्याची सायकल दिसेना. संध्याकाळी घंटी वाजली. न थांबताच तो ओरडला, "जित्ता हाओ, बाई!"

लेकीला मी ते पाणी पाजलं. पण उकळून.