बोर्डावर लावलेलं अभिनंदन

माझी वहिनी कुणावरही विश्वास ठेवत नाही. हा दोष आहे असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही, कारण तसं म्हणून काही उपयोग नाही. दुधाची पिशवी फोडण्याआधी ती तारीख वाचते आणि फोडल्यावर वास घेते. बेल वाजली की आतून "कोण?" विचारते. दादा "मी" म्हणाला तर "मी कोण?" विचारते. लग्नाला तेवीस वर्षं झाली, दादा अजून पूर्ण नाव सांगतो.

पाणीपुरवठा कचेरीचा संगणक विभाग ही बाई एकोणीस वर्षं सांभाळते आहे. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, दोन पंखे आणि वहिनी. गेल्या वर्षी मोठ्या साहेबांनी बक्षिसात सुटकेस लागल्याचा मेल उघडला आणि कचेरीचे सगळे संगणक चार दिवस बंद पडले. सुटकेस काही आली नाही. वहिनीने विचारलं, "साहेब, तुम्ही कुठल्या स्पर्धेत भाग घेतला होतात?" साहेबांनी लगेच बैठक बोलावली. तीत ठरलं की विभागात यापुढे सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेलंच माणूस बसेल. वहिनीने सहा महिन्यांत ते मिळवायचं, नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला आणि वहिनी तक्रारींच्या खिडकीवर.

वहिनी अभ्यासाला बसली. उशीएवढं जाड पुस्तक होतं. कपडे वाळत घालताना ती हल्ल्यांचे प्रकार पाठ म्हणायची, खालच्या मजल्यावरच्या आजी घाबरून खिडकी लावून घ्यायच्या. पहिल्या खेपेला ती अकरा गुणांनी नापास झाली. पायाला प्लास्टर घातलेला अनोळखी माणूस सुरक्षित खोलीचं दार धरून ठेवा म्हणाला तर काय कराल, असा एक प्रश्न होता. पुस्तकाच्या मते नम्रपणे ओळखपत्र मागायचं. वहिनीने 'दार लावून घ्यावे' निवडलं होतं. ती अजूनही त्या उत्तरावर ठाम आहे.

दुसरी परीक्षा सहाव्या महिन्यात झाली. निकाल दोन दिवसांत मेलवर येईल, असं परीक्षा केंद्रावरच्या गृहस्थांनी सांगितलं. आठवडा उलटला तरी वहिनी निकालाचं नाव काढेना. एका सकाळी तिने वास न घेता दूध पातेल्यात ओतलं. मग मीच वास घेतला आणि निकालाचं विचारायचं टाळलं.

त्याच दुपारी ती विसरलेला चष्मा द्यायला मी कचेरीत गेले. दाराशीच नोटीस बोर्ड आहे. त्यावर एका मेलची छापील प्रत टाचलेली होती. 'अभिनंदन! आपण परीक्षा उत्तीर्ण झाला आहात. सात दिवसांत खालील लिंकवर ओळख निश्चित न केल्यास निकाल रद्द होईल.' लाल पेनाने 'सात दिवसांत', 'लिंक' आणि 'रद्द' यांभोवती एकेक गोल होता, 'अभिनंदन'भोवती दोन. खाली वहिनीचं अक्षर: 'अशा फसव्या मेलला बळी पडू नका. संगणक विभाग.' मी मेलवरच्या तारखेपासून दिवस मोजले. आज सातवा दिवस होता.

मी धावतच जिन्याखाली गेले. "वहिनी, अगं तो तुझा निकाल आहे!"

"तसंच वाटावं म्हणून पाठवतात."

"त्यात तुझा परीक्षा क्रमांक आहे!"

"म्हणून तर जास्त धोका. मी परीक्षावाल्यांकडे तक्रारसुद्धा केली."

"मग?"

"मेल खराच आहे, असं उत्तर आलं. चोर दुसरं काय कळवणार?"

मी हात जोडले, मग आवाज चढवला, मग डोकं चालवलं. "लिंक दाबूच नकोस. केंद्रावर जाऊ. समोरासमोर विचार."

हे तिच्या पुस्तकातच असावं, कारण ती लगेच उठली.

केंद्र पाचला बंद होणार होतं, आम्ही पावणेपाचला पोचलो. गृहस्थांनी ओळखपत्र मागितलं. वहिनीने आधी त्यांचं मागितलं. त्यांनी निमूटपणे दाखवलं, तिचं तपासलं, कसलंसं बटण दाबलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. उत्तीर्ण. ओळख निश्चित. "बाई," ते म्हणाले, "पास झाल्यावर आमचीच तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्या." वहिनीने पडदा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग बसली.

परतताना मी विचारलं, "घाई, धमकी, लिंक, समजलं. अभिनंदनाला दोन गोल कशाला?"

"एकोणीस वर्षांत मला कुणी असं म्हटलेलं नाही गं," ती म्हणाली. "म्हटलं, हे तर नक्कीच खोटं."

मला फार लाज वाटली. कचेरीचं सोडा, घरात तरी आम्ही कधी म्हटलं होतं? आणि धावत जाणं, केंद्र गाठणं, निकाल बघणं, एवढं सगळं करूनही मी तेव्हासुद्धा म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वहिनीला विभागातच ठेवण्याच्या हुकमावर सही केली आणि सुटकेसचं पुढे काही कळलं का, असं विचारलं. संध्याकाळी मी घरी आले, बेल वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अभिनंदन, वहिनी!"

कडी हलली नाही. माझ्या मागे जिन्यात दादा भाजीची पिशवी घेऊन उभा होता.

"पुन्हा म्हण," आतून आवाज आला.

मी पुन्हा म्हटलं. दादानेही म्हटलं, आणि सवयीने पुढे आपलं पूर्ण नाव सांगितलं.