चौथ्या पानावरची तिसरी ओळ

माझे भावोजी चारचौघांसारखे दिसतात, हीच त्यांची पहिली लबाडी. एका बेताच्या खपाच्या दैनिकात ते छोट्या जाहिराती घेतात: हरवले-सापडले, नावात बदल, घर भाड्याने देणे आहे. मी तिथेच मुद्रितं तपासते, त्यामुळे मेहुणीचा चेष्टेचा हक्क मला कामाच्या वेळेतही बजावता येतो.

पण भावोजींचा जीव जाहिरातींत नाही. तो अडकलाय चौथ्या पानावर, हवामानाच्या खाली, काडेपेटीएवढ्या चौकोनात: दिनविशेष. फक्त गणित आणि विज्ञान. राजकारण्यांच्या जयंत्या छापल्या की कोणाची तरी राहते आणि दगड आमच्या काचांवर येतात. न्यूटनसाठी अजून कोणी दगड उचललेला नाही.

रोज तीन ओळी. दोन खऱ्या, तिसरी भावोजींच्या डोक्यातली. एकदा जागा उरली, संपादक ओरडले, "भरा काहीतरी!" आणि यांनी भरलं: 'आजच्या दिवशी एका वर्तुळाने स्वतःचं टोक शोधायचा नाद सोडला.' वाचक खूश झाले. मग काय, शून्याने भागाकाराला घरात घ्यायचं नाकारलं, एका त्रिकोणाने चौथ्या बाजूसाठी अर्ज केला. मी हसायचे आणि काना-मात्रा बघून ओळ पुढे सोडायचे.

ताई मात्र हसायची नाही. तिच्या लग्नाचा वाढदिवस तेरा मार्चला. दरवर्षी त्या सकाळी भावोजी चहाचा घोट घेऊन म्हणणार, "आज युरेनस सापडला."

"आणि मी हरवले," ताई म्हणणार.

सगळ्या जगाच्या तारखा पाठ, घरची एक नाही, हे तिचं जुनं गाऱ्हाणं. त्या रागापायी तिने चौथं पान कधी उघडलं नाही. मला तिचं पटायचं. असला नवरा मला असता तर मी त्यालाच हरवले-सापडलेमध्ये दिला असता.

आठ नोव्हेंबरला घोटाळा झाला. पहिली ओळ क्ष-किरणांच्या शोधाची, दुसरी धूमकेतूवाल्या हॅलेच्या जन्माची. तिसरी अशी: 'आजच्या दिवशी एका समांतर रेषेने दुसरीकडे वळून पाहिलं.' दहाच्या सुमारास एक निवृत्त प्राध्यापक अंक नाचवत संपादकांच्या खोलीत शिरले.

"समांतर रेषा वळत नाही! वळली तर समांतर राहत नाही!"

"नाहीच राहिल्या, सर," भावोजी म्हणाले.

संपादकांचा पारा चढला. या ओळीला काही आधार असेल तर आत्ता दाखवा, नाहीतर उद्यापासून तो चौकोन केसांच्या तेलाच्या जाहिरातीला. सगळा चौकोन, खऱ्या ओळींसकट. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा होती त्यांची. मला थट्टा सुचेना.

"पुरावा आहे," ते कसेबसे म्हणाले. "घरी आहे. पण येणार नाही."

घरी म्हणजे ताईच. मी तिला फोन केला, "असशील तशी ये." ती आली ती धापा टाकत, एका पायात स्वतःची आणि एका पायात भावोजींची चप्पल. नवरा धडधाकट उभा दिसल्यावर आधी तिने सुटकेचा श्वास टाकला, मग त्यांच्यावर डोळे वटारले. संपादकांनी ओळ वाचून दाखवली.

"मग? माझा काय संबंध?"

"वीजबिलाची खिडकी," भावोजी जमिनीकडे बघत म्हणाले. "एक बायकांची रांग, एक पुरुषांची. आठ नोव्हेंबर."

ताई कानापर्यंत लाल झाली. "मी काही यांना बघत नव्हते हां! खिडकी बंद केली की काय ते बघत होते!"

"पण वळलात?" प्राध्यापकांनी विचारलं.

"वळले."

"आणि ते?"

"मी आधीच वळलेलो होतो," भावोजी म्हणाले.

प्राध्यापक खुर्चीत बसले. "मग या छेदणाऱ्या रेषा आहेत," ते म्हणाले. "तसं छापा, माझी हरकत नाही." संपादकांनी तेलवाल्याला पाचव्या पानावर ढकललं.

ताई मात्र जागची हलेना. "माझं अजून काय काय छापलंय?" तिने मला दरडावलं. मी तिला जुन्या अंकांच्या खोलीत नेऊन बसवलं. जेवायची सुट्टी झाली, संपली, तरी ती बाहेर येईना. बघायला गेले तर मांडीवर अंकांचा ढीग, पदराला शाई, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"हे बघ. 'निर्वात पोकळीतून आवाज ऐकू आला.' अगं, आमचा अबोला होता आणि मी 'मीठ द्या' म्हटलं, तो दिवस!" ती हसता हसता हुंदके देत होती. "हा माणूस इतकी वर्षं माझ्याशी बोलत होता गं. आणि मी चौथं पान डब्यांखाली अंथरत होते."

मग ती उठली आणि तरातरा भावोजींच्या टेबलाशी गेली. समोर एक गृहस्थ हरवलेल्या पोपटाची जाहिरात देत होते. त्यांना तिने हातानेच थांबवलं.

"अहो, उद्याची तिसरी ओळ मी सांगते. लिहा."

भावोजींनी पोपट बाजूला ठेवला.

"लिहा, 'कालच्या दिवशी एका बाईने चौथं पान वाचलं.'"

संध्याकाळी ती ओळ माझ्याकडे तपासायला आली. 'बाईने'मधला काना राहिला होता. लिहिताना भावोजींचं लक्ष ताईकडे असणार. मी काना दिला आणि ओळ पुढे सोडली.